समावेश पटावर, मूल मागच्या बांकावर

सांप्रत शिक्षणखात्याच्या कागदांतून ‘समावेशित शिक्षण’ हा शब्द इतक्या वेळां येतो कीं, वाचणारास ती गोष्ट घडूनच गेली आहे असें वाटावें. कायद्यांचीही वाण नाहीं. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा 2009 सालीं झाला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 सालीं झाला. त्यानें 21 प्रकारच्या अपंगत्वांस मान्यता दिली आणि 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेंत, अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेंत, मोफत शिकण्याचा हक्क दिला. आमचा प्रश्न एवढाच कीं, चाळीसगांव तालुक्यांतील एखाद्या खेड्याच्या दोनशिक्षकी शाळेंत, प्रार्थना संपून वर्ग सुरू झाल्यावर, या हक्काचें काय होतें?

शाळेच्या दारापुढें सिमेंटची उतरण बांधलेली असते. तिचें छायाचित्रही वरच्या कचेरीकडे गेलेलें असतें. परंतु उतरण चढून आंत आलेल्या मुलाचें पुढें काय? ज्यास दिसत नाहीं त्याच्यापुढें फळा, ज्यास ऐकूं येत नाहीं त्याच्याभोंवतीं मोठ्यानें पाढे म्हणणारा वर्ग, आणि ज्यास उमगण्यास वेळ लागतो त्याच्या वांट्यास दोन इयत्ता एकदम सांभाळणारे गुरुजी, ज्यांस शिवाय पोषण आहाराचा हिशेब व माहितीचे तक्ते पुरे करावयाचे असतात. मूल मागच्या बांकावर बसतें, हजेरी लागते, आणि समावेश झाला म्हणून कळविलें जातें! गुरुजींस आम्ही दोष देत नाहीं. जें त्यांस कोणी शिकविलें नाहीं, तें त्यांनीं करावें अशी अपेक्षा धरणारांस देतों.

यावर कांहीं सज्जन म्हणतात, ‘हीं मुलें विशेष शाळेंतच बरीं.’ यांत एक सत्यांश आहे, तो आम्ही लपवीत नाहीं. बहिऱ्या मुलास खुणांची भाषा जाणणारा शिक्षक न देतां नुसतें इतर मुलांत बसविणें म्हणजे त्यास गर्दींत एकटें सोडणें होय. आणि कायद्यानें पसंतीचा हक्क ठेवला आहे तो योग्यच आहे. परंतु गांवची शाळा त्या मुलास शिकवूं शकत नसेल, तर पसंती कसली? कपाशीच्या शेतांत मजुरी करणाऱ्या बापानें सहा वर्षांचें पोर दूरच्या वसतिगृहांत ठेवावें किंवा घरींच ठेवावें, यांस पसंती म्हणत नाहींत. आणि वेगळें वाढलेलें मूल पुढें ज्या गांवांत राहावयाचें, त्या गांवच्या मुलांसही त्याच्याशीं कसें वागावें हें कोठून कळणार?

दुसरे म्हणतात, ‘पैसा कोठें आहे? अद्याप वेळ आली नाहीं.’ हा आक्षेप आम्हांस ओळखीचा वाटतो. नामदार गोखल्यांनीं 1911 सालीं प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें तेव्हां हाच सूर निघाला होता, आणि 1912 सालीं तें बिल पडलें. तत्पूर्वींच, 1906 सालीं, सयाजीराव महाराजांनीं बडोद्याच्या राज्यभर सक्तीचें शिक्षण सुरू केलें होतें. शाहू महाराजांनीं 1917 सालीं कोल्हापुरांत तेंच केलें. वेळ येत नसते, ती आणावी लागते.

आणि मागणी तरी काय? सर्वोच्च न्यायालयाच्या 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारनें 2022 सालीं प्राथमिक शाळांसाठीं अशा 10 मुलांमागें 1 विशेष शिक्षक हें प्रमाण घालून दिलें. तें पाळावें. विशेष शिक्षकांस आपण पुष्कळ वर्षें करारावर राबविलें, आणि एकाच माणसास शाळेमागून शाळा फिरविली. आठवड्यांतून घटकाभर भेटणारा शिक्षक पाहुणा ठरतो. अंध मुलाचीं ब्रेल पुस्तकें इतरांच्या पुस्तकांबरोबर पहिल्याच दिवशीं यावींत. तपासणीस येणारानें पटावरचा आंकडा पाहून परत न जातां, या मुलास गेल्या वर्षीं काय येत नव्हतें व आज काय येतें, तें विचारावें. शाळा व्यवस्थापन समितींत कायद्यानें तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांनींही हाच प्रश्न दर बैठकींत विचारावा.

आमच्या तालुक्यास भास्कराचार्यांच्या नांवाचा मोठा अभिमान आहे. पाटणें येथील शके 1128 चा शिलालेख सांगतो कीं, त्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. पण त्याच लेखांत पुढें, त्या मठास बाजारपेठेच्या उत्पन्नांतून काय मिळावयाचें, तेंही कोरून ठेविलें आहे. विद्येचें स्थान घोषणेवर उभें राहत नाहीं, त्यास नेमून दिलेलें बळ लागतें, हें आठशें वर्षांपूर्वीं ज्या भूमींत लोकांस कळत होतें, तेथें मागच्या बांकावरील मुलास आम्हीं आणखी किती वर्षें थांबण्यास सांगावयाचें?