आजीच्या अभंगाचा मालक कोण?

गेल्या एकादशीला आजीनं घरी म्हटलेला तुकोबांचा अभंग मी ऑनलाइन टाकला. शब्द सतराव्या शतकातले, चाल वारकऱ्यांची, आवाज आजीचा, टाळ माझ्या हातात. तरी तासाभरात मेल आला: या व्हिडिओतलं संगीत एका कंपनीच्या मालकीचं आहे, जाहिरातीचे पैसे तिला जातील.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मशीनवर राग नाही. ते ध्वनीचे नमुने ताडून पाहतं आणि सुरावट जुळली की दावा ठोकतं. चाल मुळात कुणाची, हे त्याला कळत नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा मात्र फरक करतो. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, गीतकार-संगीतकाराचा मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे कंपनीनं केलेलं रेकॉर्डिंग तिचं; तुकोबा नव्हे.

'कॉपीराइट नसेल तर कलाकार जगणार कसे?' मान्य. कुणी रेकॉर्डिंग उचललं तर खुशाल दावा करा. पण खोट्या दाव्याची किंमत कोण मोजतं? हरकत घेतली की कंपनीला उत्तराला ३० दिवस मिळतात, आणि ती हरकत तपासणारीही तीच कंपनी. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच! इकडे आजी घाबरून म्हणते, "काढून टाक रे बाबा, पोलीस यायचे."

मी काढला नाही, हरकत घेतली. तुम्हीही घ्या. आणि मागणी एकच लावून धरू: दावा खोटा ठरला, तर भुर्दंड दावेदाराला.