मनाचे दुखणे आणि घरचा डॉक्टर

झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, छातीत धडधडते, डोके जड होते, अशा तक्रारी घेऊन दवाखान्याची पायरी चढणाऱ्यांची संख्या आमच्या शहरांत थोडीथोडकी नाही. रक्त तपासले जाते, हृदयाचा आलेख काढला जातो, सर्व काही ठीक असल्याचा निर्वाळा मिळतो, आणि तरीही दुखणे हटत नाही. कारण खरी तक्रार ओठांपर्यंत येऊन परत फिरलेली असते. नोकरी गेल्याची धास्ती, घरातील अबोला, जोडीदाराच्या मृत्यूनंतरचे रितेपण, परीक्षेच्या भीतीने मिटून गेलेला मुलगा, यांपैकी एक अक्षरही डॉक्टरांपुढे उच्चारले जात नाही. ताकाला जाऊन भांडे लपविण्याचा हा प्रकार सुशिक्षित घरांतच अधिक चालावा, ही खेदाची गोष्ट होय.

या मौनाची किंमत लहान नाही. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १०.६ टक्के प्रौढ माणसे त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त असल्याचे आढळले. आणि नैराश्य व चिंता यांसारख्या नेहमीच्या विकारांत दर शंभरांपैकी सुमारे ८५ रुग्ण उपचारावाचून होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु त्यामुळे आपण निश्चिंत राहावे असे मुळीच नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातील होत्या, आणि इतर कोणत्याही राज्याचा आकडा याहून मोठा नव्हता.

अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाकडे थेट जाण्याचे धैर्य सर्वांच्याच अंगी नसते. त्याच्या दारावरची पाटी कोणी पाहील, मुलीच्या लग्नात तो विषय निघेल, ही भीती अजून गेलेली नाही. घरच्या डॉक्टरांकडे जाण्याला मात्र कोणाची आडकाठी नाही. त्यांना आजोबांचा दमा ठाऊक असतो, नातवाची गोवराची पुरळ त्यांनीच पाहिलेली असते. म्हणूनच समुपदेशनाचा रस्ता त्यांच्या दवाखान्यातून जावा, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

या म्हणण्याला आधार आहे, आणि तोही जवळचाच. गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेच्या पुढाकाराने २४ दवाखान्यांत ‘मानस’ नावाचा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यांतील निम्मे दवाखाने सरकारी होते, निम्मे खाजगी डॉक्टरांचे. मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांची तेथे डॉक्टरांना जोड देण्यात आली. सरकारी दवाखान्यांत अशी जोड मिळालेले रुग्ण अधिक संख्येने बरे झाले. खाजगी डॉक्टरांकडे मात्र समुपदेशक असो वा नसो, बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच, आणि चांगले, राहिले. आम्ही यातून एवढाच अर्थ काढतो की, रुग्णाला नावानिशी ओळखणारा, पुन्हा पुन्हा भेटणारा डॉक्टर हा स्वतःच उपचाराचा एक मोठा भाग असतो. पुढे गोव्यातच तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी आणखी एक प्रयोग झाला. त्यात प्रत्येकी अर्ध्यापाऊण तासाच्या सहा ते आठ बैठकींनीही ठळक गुण आला.

तेव्हा या मार्गाने जाणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट म्हणजे गर्दीच्या वेळी, कंपाउंडरच्या देखत, ही गोष्ट बोलू नये. दवाखाना संपतासंपता स्वतंत्र वेळ मागून घ्यावी. डॉक्टर प्रथम शरीराकडे पाहतील. थायरॉईडचा बिघाड, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा आधीपासून चालू असलेले एखादे औषध यांनीही मन खचते. मग ते झोप, भूक, मद्यपान यांविषयी विचारतील. जीव नकोसा वाटतो काय, असेही विचारतील. या प्रश्नाने कोणी दचकू नये. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट तो बोलून दाखविल्याने भार हलका होतो. अशा प्रश्नाला खोटे उत्तर देण्याइतके घातक दुसरे काही नाही.

यानंतर डॉक्टर समुपदेशकाकडे चिठ्ठी देतील. समुपदेशक म्हणजे उपदेश करणारा वडीलधारा नव्हे. ‘घटस्फोट घ्या’ किंवा ‘नोकरी सोडा’ असा निर्णय तो देणार नाही. निर्णय घेण्याइतके मन स्थिर करणे हे त्याचे काम. बैठक बहुधा आठवड्यातून एकदा, पाऊण तासाची असते. रोज अमुक वेळी फिरावयास जाणे, मनात येणारे विचार वहीत टिपणे, असा अभ्यासही तो नेमून देतो. पहिल्या एकदोन भेटींनंतर उलट अस्वस्थता वाढल्यासारखी वाटते, कारण वर्षानुवर्षे झाकलेली जखम उघडी होते. तेवढ्याने पाठ फिरवू नये. मात्र तीनचार बैठकींनंतरही सूर जुळला नाही, तर डॉक्टरांना तसे सांगून दुसरा समुपदेशक मागण्यात संकोच कसला?

बोललेले बाहेर जाईल काय, ही शंका रास्त आहे. २०१८ साली अमलात आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गुप्ततेचा हक्क रुग्णाला दिला आहे. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याचा संभव किंवा न्यायालयाचा आदेश, अशा मोजक्या प्रसंगीच त्याला अपवाद होतो. ‘मुलगा आत काय बोलला’ हे जाणण्याचा हट्ट आईवडिलांनी धरू नये. त्यांनी बाहेरच्या बाकावर बसावे. तीही मोठीच मदत आहे.

समुपदेशन म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. भास होणे, संशयाने पछाडणे, आत्महत्येचा बेत मनात पक्का होणे, अशा अवस्थेत मनोविकारतज्ज्ञाला विलंब न लावता गाठले पाहिजे. काहींना गोळ्या व बैठकी दोन्ही लागतात. नैराश्यावरील औषधाचा गुण दिसू लागण्यास काही आठवडे जातात. बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. रात्री-अपरात्री जीव कासावीस झाल्यास १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे. २०२२ पासून चालू असलेल्या या सरकारी सेवेवर मराठीतूनही बोलता येते.

आता दोन शब्द डॉक्टरमंडळींना. झोपेची गोळी लिहून देणे सोपे आहे, ऐकून घेणे अवघड आहे. परंतु रुग्ण ज्या विश्वासाने येतो, त्या विश्वासाची परतफेड गोळीने होत नाही. आठवड्यातील एखादी संध्याकाळ अशा रुग्णांसाठी राखून ठेवावी, पडद्याऐवजी दार असावे. आणि समुपदेशकाकडे चिठ्ठी देताना त्यात ‘कट’ची सावलीही पडू देऊ नये. कमिशनचा हा व्यवहार वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध मानलेला आहेच. मनाच्या दुखण्यात तर तो अधिकच निंद्य होय. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, परंतु नुसत्या ‘समुपदेशक’ या पाटीमागे कोणते शिक्षण आहे, याची चौकशी डॉक्टरांनी आधी करावी आणि रुग्णानेही निःसंकोचपणे करावी.

घरचा डॉक्टर ही संस्था आमच्या शहरांतून हळूहळू लोप पावत आहे. मोठमोठी रुग्णालये उभी राहिली, अवयवागणिक तज्ज्ञ मिळू लागले. पण माणसाला समग्रपणे ओळखणारा कोणी उरला नाही, तर मनाचे दुखणे सांगावयाचे कोणाला? ज्यांच्याजवळ असा डॉक्टर अजून आहे, त्यांनी पुढच्या खेपेस ‘डोके दुखते’ एवढ्यावर थांबू नये. ‘डॉक्टर, बरेच दिवस मन ठिकाणावर नाही’ हे एक वाक्य बोलावे. बोलणाऱ्याची अब्रू त्याने जात नाही. न बोलल्याने मात्र कधी कधी माणूस जातो.