मंडळीची वाढ आणि तिची पंगत

ख्रिस्ती मंडळी वाढली असे केव्हा म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर उपस्थितीच्या, बाप्तिस्म्यांच्या आणि नव्या इमारतींच्या आकड्यांत शोधण्याची सवय गेल्या शतकात फार बळावली. आकड्यांचे वावडे नव्या करारालाही नाही. पहिल्या मंडळीचा इतिहास सांगणाऱ्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमेत एका दिवसात सुमारे ३,००० माणसांची भर पडल्याचे लूक नोंदवतो. पण तेवढ्यावर न थांबता ती माणसे प्रेषितांकडून शिकत होती, एकमेकांच्या सहवासात राहत होती, भाकर मोडत होती, प्रार्थना करत होती आणि गरजवंतासाठी आपली मालमत्ता विकत होती, हेही तो लगोलग सांगतो, आणि मंडळीत भर घालण्याचे काम प्रभूचे होते असे लिहून माणसांचे कर्तव्य त्यापासून वेगळे काढतो. ही विभागणी मान्य केली, तर वाढीचे तंत्र कोणते हा प्रश्न मागे पडतो आणि आलेल्या माणसाला मंडळीत कोणती जागा मिळते हा प्रश्न पुढे येतो.

याच पुस्तकाचा सहावा अध्याय या दृष्टीने अधिक बारकाईने वाचला गेला पाहिजे. मंडळी वाढत असतानाच तिच्यात कुरकुर सुरू झाली, कारण रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी विधवांकडे दुर्लक्ष होत होते आणि इब्री गटाच्या विधवांना मात्र त्यांचा वाटा मिळत होता. प्रेषितांनी ही तक्रार क्षुल्लक मानली नाही, तक्रार करणाऱ्यांना फुटीर ठरवले नाही आणि एकीच्या नावाखाली त्यांना गप्पही बसवले नाही. त्यांनी सर्वांना बोलावून सात माणसे निवडण्यास सांगितले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव ही सातही नावे ग्रीक आहेत आणि नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. त्यावरून अनेक अभ्यासक असा निष्कर्ष काढतात की ज्या गटावर अन्याय झाला, त्याच गटाच्या हाती वाटपाचा कारभार सोपवण्यात आला. या प्रसंगानंतरच्या ओळीतच लूक देवाच्या वचनाचा प्रसार झाल्याची आणि शिष्यांची संख्या पुष्कळ वाढल्याची नोंद करतो. हा क्रम योगायोगाचा नाही, असे मानण्यास पुरेसा आधार आहे, कारण स्तेफनाच्या हत्येनंतर पांगलेल्या माणसांनीच पुढे अंत्युखियात ग्रीकांना सुवार्ता सांगितली, शिष्यांना ख्रिस्ती हे नाव प्रथम तेथेच मिळाले आणि बर्णबा व पौल यांना दूरच्या प्रवासाला पाठवणारी मंडळीही तीच होती.

त्याच अंत्युखियात पंगतीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. यहूदीतर विश्वासणाऱ्यांबरोबर जेवणारा प्रेषित पेत्र यरुशलेमेहून काही माणसे येताच मागे सरला आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला, ही हकिकत गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. करिंथ येथे तर प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या मरणाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी, सधन माणसे आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. अशा जेवणाला प्रभूचे भोजन म्हणता येत नाही, असा पौलाचा निर्वाळा आहे. मंडळीचे आरोग्य जेवणाच्या जागी तपासले जाते, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागू नये.

मराठी मुलखात मंडळीतील जागेचा हा प्रश्न प्रथम दोन अंगांनी आला. पहिले अंग कारभाराचे होते. गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आपले ठाणे मांडले. या मिशनच्या अमेरिकेतील मातृसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात पाहणीसाठी आले तेव्हा स्थानिक मंडळ्या देशी पाळकांच्या हाती सोपवाव्यात, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपण करावा, ही त्रिसूत्री अँडरसन आणि इंग्लंडमधील हेन्री व्हेन यांच्या नावाने ओळखली जाते. पौलाने गावोगाव वडीलजन, म्हणजे मंडळीची जबाबदारी वाहणारी स्थानिक माणसे, नेमून पुढची वाट धरली, त्या रीतीशी ती जुळते. तिचा अंमल मात्र मंद राहिला, कारण पगार, बंगला आणि शाळा यांच्या किल्ल्या दीर्घकाळ मिशनकडेच होत्या आणि दुसऱ्याच्या पैशावर उभी असलेली मंडळी आपले निर्णय क्वचितच आपण घेते.

दुसरे अंग जातीचे होते. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजांतील माणसांची संख्या फार मोठी होती. प्रभुभोजनात भेद पाळू नये असा मिशनचा आग्रह असला, तरी सोयरीक, वस्ती आणि मंडळीतील मानपान यांत जुनी ओळख टिकून राहिली. मध्य प्रांतात दमोह येथे जन्मलेले मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी १९५५ मधील आपल्या ग्रंथात आणि नंतरच्या लेखनात असे प्रतिपादन केले की भाषेची किंवा जातीची सीमा ओलांडावी न लागता माणसे अधिक सहज ख्रिस्ती होतात, म्हणून एकजिनसी गटांमध्येच मंडळ्या वाढवाव्यात. निरीक्षण म्हणून यात तथ्य आहे. धोरण म्हणून ते घातक आहे, कारण पेत्र ज्या भिंतीआड परतला होता, त्या भिंतीलाच ते मंडळीचा पाया ठरवते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने दोन समाजांमधील आडभिंत पाडली असे सांगितले आहे. ती ठेवून होणारी वाढ आकड्यांत दिसेलही, पण तिला नव्या करारातील वाढ म्हणता येणार नाही.

भाषेचा आणि उपासनेच्या रीतीचा प्रश्न यापासून वेगळा ओळखावा लागतो. यहूदीतरांनी ख्रिस्ती होण्यापूर्वी यहूदी व्हावे लागणार नाही, असा निर्णय यरुशलेमेत प्रेषित आणि वडीलजन यांच्या सभेत झाला, आणि तोच न्याय मराठी माणसाला लावण्याचे काम नारायण वामन टिळकांनी केले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग, भजन आणि कीर्तन या रूपांतून मंडळीला तिचा आवाज दिला आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची गीते मात्र मराठी उपासनेत आजही गायली जातात. त्याच काळात केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना विणकाम, शेती आणि छपाई शिकवली, १९०५ मध्ये तेथे प्रार्थनेचे मोठे जागरण झाले आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच आवारातील छापखान्यात, त्याच मुलींच्या हातांनी जुळवलेल्या खिळ्यांतून छापले गेले. शिक्षण, प्रार्थना, अन्न आणि हाताला काम या गोष्टी तेथे वेगवेगळ्या खात्यांत विभागलेल्या नव्हत्या, आणि कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायाशी इतके जवळचे नाते सांगणारे दुसरे मराठी उदाहरण सहज सापडत नाही.

पुण्या-मुंबईच्या मराठी मंडळ्यांत आज गावाकडून कामासाठी आलेली कुटुंबे मागच्या बाकांवर बसतात, तरुणांना उपासना इंग्रजीत हवी असते, आणि मालमत्तेच्या वादांत कार्यकारिणीच्या बैठका खर्ची पडतात. अशा मंडळीत वाढीची मोहीम आखण्यापूर्वी वार्षिक हिशेब सर्वांसमोर वाचला जातो का, विधवांच्या मदतनिधीचे वाटप कोण करते, आणि मागच्या बाकांवरील कुटुंबांपैकी किती जण त्या कार्यकारिणीत आहेत, हे पाहिले जावे, आणि तेथे उणीव आढळली तर यरुशलेमेप्रमाणे सर्वांना बोलावून नवी माणसे निवडली जावीत.