बाटलीवर गट नंबर टाका

ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात वाईनची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. त्या वेळच्या दरानं चार कोटी रुपयांच्या वर. बाटली १९४५ सालची, रोमाने-कोंती, फ्रान्सच्या बर्गंडी भागातली. त्या वर्षी त्या बागेतून जेमतेम सहाशे बाटल्या निघाल्या होत्या. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. कॉलेजच्या ग्रुपवर बातमी फिरली आणि अपेक्षेप्रमाणे एकानं लिहिलं, 'एवढ्यात आपल्याकडे अख्खी वायनरी येईल.'

आकडा सोडा. श्रीमंत माणसं कशालाही कितीही पैसे देतात. त्या बातमीतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. रोमाने-कोंती हे द्राक्षाच्या जातीचं नाव नाही, कुठल्या मार्केटिंगवाल्यानं शोधलेलं ब्रँडनेमही नाही. ते एका शेताचं नाव आहे. शेत १.८ हेक्टरचं, म्हणजे साडेचार एकर. निफाड तालुक्यात साडेचार एकर बाग असलेल्या माणसाला कुणी मोठा बागायतदार म्हणत नाही.

मी ओझरचा. आमच्या भागात कुठलाही सरकारी कार्यक्रम असो, कुठलाही ट्रॅव्हल व्हिडिओ असो, 'नाशिक म्हणजे भारताचं नापा', 'भारताचं बोर्दो' ही वाक्यं ठरलेली. हल्ली 'नाशिक व्हॅली' हा शब्दही चालतो, त्या नावानं वाईनला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. (आमच्याकडे 'मी व्हॅलीत राहतो' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.) माझं भांडण या तुलनेशी आहे. फ्रान्सकडून आपण कमान, दगडी भिंत, ओकची पिंपं, लांब दांड्याचा ग्लास आणि तो हलवायची पद्धत, एवढं सगळं आणलं. ज्या एका गोष्टीमुळे तिथल्या शेताला किंमत आली, ती मात्र तिथेच ठेवली.

ती गोष्ट समजायला बोर्दो आणि बर्गंडीतला फरक बघावा लागतो. बोर्दोमध्ये १८५५ साली जी प्रसिद्ध प्रतवारी झाली ती 'शॅतों'ची, म्हणजे मालमत्तांची होती. शॅतोनं शेजारची जमीन विकत घेतली तरी त्याचा दर्जा तोच राहतो. बर्गंडीत दर्जा जमिनीला आहे. मालक बदलला तरी शेताचं नाव आणि शेताची पायरी बदलत नाही. तिथे अशा नावाच्या तुकड्याला 'क्लिमा' म्हणतात. असे १,२४७ क्लिमा २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. वाचताना मला तलाठ्याचं दप्तरच आठवलं. बांध, पोटहिस्सा, कोणत्या तुकड्यात मुरूम वर येतो, कुठे पाणी साचतं. मध्ययुगात मठांतल्या साधूंनी हे तुकडे कसले, पुढे क्रांतीनंतर जमिनी लोकांकडे आल्या आणि नेपोलियनच्या कायद्यानं सगळ्या मुलांना समान वाटा मिळायला लागल्यावर तुकडे आणखी लहान झाले. क्लो द वूजो नावाची एकच भिंतीतली बाग आहे, सव्वाशे एकरांच्या आसपास, आणि तिचे मालक ऐंशीच्या घरात. भाऊबंदकीच्या वाटण्यांना आपण रडतो ना, तसल्याच वाटण्यांतून गेलेली ही जगातली सर्वांत महाग शेतजमिनींपैकी एक.

यातला मला सगळ्यात आवडलेला प्रकार गावांच्या नावांचा. जेव्रे नावाच्या गावानं १८४७ मध्ये आपल्या शिवारातल्या शांबेर्तां या प्रसिद्ध शेताचं नाव स्वतःला जोडून घेतलं आणि गाव झालं जेव्रे-शांबेर्तां. मग इतर गावांनीही तेच केलं. गावानं शेताचं नाव लावलं! आपल्याकडे गावाच्या नावापुढे 'बुद्रुक', 'खुर्द' लागतं, फार तर 'मिग' लागतं, कारण हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून इथे आहे आणि बाहेरच्या माणसाला ओझर सांगायचं तर आजही विमानच सांगावं लागतं.

आता आपली बाटली हातात घ्या. पुढच्या बाजूला ब्रँड. खाली द्राक्षाची जात: शिराज, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ. मागे 'नाशिकच्या सूर्यप्रकाशात' वगैरे चार ओळी. द्राक्ष कोणत्या गावातलं? कुणाच्या बागेतलं? काही नाही. सुलाची 'दिंडोरी रिझर्व्ह' शिराज आहे, निदान एका जागेचं नाव लोकांच्या तोंडी बसलं, हे मी मान्य करतो. पण दिंडोरी हा अख्खा तालुका आहे. स्वतःच्याच बागेतल्या द्राक्षांची वाईन करणाऱ्या छोट्या वायनऱ्या आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतोय ते करारावर लावलेल्या बागांबद्दल. त्या बागांतली द्राक्षं क्रेटमध्ये वायनरीच्या काट्यावर चढतात, साखर मोजली जाते, पावती फाटते आणि तिथून पुढे शेतकरी संपतो.

गंमत म्हणजे सुरुवात अशी नव्हती. सुलाच्या कितीतरी आधी पिंपळगाव बसवंतला, ओझरपासून हाकेच्या अंतरावर, वाईन निघत होती आणि तिचं नाव होतं 'पिंपेन'. शॅम्पेनच्या नादानं ठेवलेलं असेल, हसू येईल, पण त्यात पिंपळगाव ऐकू येत होतं.

माझ्या मामांनी कराराची बाग केली होती. वाईनच्या द्राक्षाचं गणित खाण्याच्या द्राक्षापेक्षा वेगळं. थॉमसनसारखे एकरी आठ-दहा टन इथे काढायचे नसतात, काढले तर रस पाणचट होतो. बर्गंडीत वरच्या प्रतीच्या शेतात एकरी दोन टनांच्या आत थांबावं लागतं, कायद्यानंच तशी मर्यादा आहे. शिवाय फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावं लागतं, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. मजुरी दोनदा. हे सगळं करून मामांच्या हातात किलोचा ठरलेला भाव. बाटलीत जातात किलो-सव्वा किलो द्राक्षं. बाटली सहाशेला विकली काय आणि अडीच हजाराला विकली काय, मामांचं सव्वा किलो ते सव्वा किलोच. मग २००८ नंतर मंदी आली, वाईनचा साठा पडून राहिला, जिल्ह्यात अनेकांची द्राक्षं वेलीवर राहिली, पैसे अडकले. मामांची ज्या वायनरीशी बोली होती तिनं फोन उचलणं बंद केलं. त्यांनी बाग तोडली आणि परत थॉमसन लावलं. आमच्या घरात वाईन कुणी पीत नाही. मामांनी स्वतःच्या द्राक्षांची वाईन कधी चाखली नाही, आणि चाखायची म्हटली असती तरी दुकानात कोणती बाटली मागायची हे त्यांना कळलं नसतं.

त्यांच्या द्राक्षांना नाव असतं तर वायनरी बुडाली नसती असं मी म्हणत नाही. पण 'अमुक गावच्या अमुक बागेची शिराज' अशी दोन-तीन वर्षं ओळख झालेली असती, तर दुसऱ्या वायनरीच्या दारात मामा क्रेट घेऊन नव्हे, नाव घेऊन उभे राहिले असते. बर्गंडीतल्या शेतकऱ्याकडे हीच ताकद आहे. व्यापारी बदलता येतो, शेत तेच राहतं.

इथे एक जण हमखास म्हणतो, 'अरे, एवढ्या शेतकऱ्यांची द्राक्षं, वेगवेगळी कशी ठेवणार? ट्रॅक कसं करणार?' माझा धंदा सॉफ्टवेअरचा आहे, त्यामुळे हा प्रश्न ऐकला की मला राग येतो. उत्तर याच जिल्ह्यात आहे आणि जवळजवळ वीस वर्षं चालू आहे. २००३ मध्ये युरोपनं आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश जास्त सापडल्याची तक्रार केली. त्यातून अपेडानं 'ग्रेपनेट' उभं केलं. युरोपला माल पाठवायचा तर प्रत्येक प्लॉटची कृषी विभागाकडे नोंदणी, प्लॉटला नंबर, त्या प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत, अहवाल ऑनलाइन, पॅकहाऊसमध्ये प्रत्येक पेटीवर त्याचा माग. रॉटरडॅमच्या बंदरात उतरलेली थॉमसनची पेटी निफाडच्या कोणत्या तुकड्यातून आली हे तिथल्या माणसाला सांगता येतं. आणि नाशिकमध्ये तयार होऊन नाशिकमध्येच विकली जाणारी वाईन कुणाच्या शेतातली, हे नाशिककराला सांगता येत नाही. युरोपनं मागितलं म्हणून केलं. आपण मागितलं नाही, म्हणून केलं नाही.

ओझरच्या माणसाला हिशेबाचं वावडंही नाही. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था उभ्या केल्या. कालव्याच्या शेपटाला असलेलं गाव, पाणी पोचायचंच नाही. त्या संस्थांनी पाणी घनमीटरनं मोजून घ्यायला आणि कुणाची पाळी कधी, कुणाचं क्षेत्र किती हे लिहून ठेवायला सुरुवात केली. पाण्याच्या थेंबापर्यंत वही ठेवणाऱ्या गावाला द्राक्षाच्या क्रेटची वही ठेवता येणार नाही?

काही मित्र म्हणतात, 'क्यूआर कोड टाकू की.' नको. क्यूआर म्हणजे माहिती दिल्याचं समाधान आणि कुणी न वाचल्याची खात्री. मला छापील अक्षरं हवीत, ब्रँडच्या खाली, डोळ्यांना दिसतील अशी: गाव, गट नंबर, शेतकऱ्याची हरकत नसेल तर त्याचं नाव. तीन-चार बागांची द्राक्षं एकत्र केली असतील तर तीन-चार गावं लिहा. सगळ्या जिल्ह्याचं मिश्रण असेल तर 'मिश्रण' लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रोजच्या स्वस्त वाईन अशाच होतात, फ्रान्समध्येही.

हे मागायचा आपल्याला हक्क आहे का? आहे. २००१ मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, आमच्याच तालुक्यात विंचूरला वाईन पार्क काढला. पुढे वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उद्योगाला परत देण्याची योजना आली. ही सवलत कुणाच्या नावानं मिळाली? शेतकऱ्याच्या. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हाही बाजूनं बोलणारे शेतकऱ्याचं नाव घेत होते, विरोधक संस्कृतीचं आणि व्यसनाचं. निर्णय बारगळला. त्या गदारोळात विरोधकांचा एक प्रश्न रास्त होता, की शेतकऱ्याला यातून नेमकं काय मिळतं? समर्थकांकडे त्याचं छापील उत्तर असायला हवं होतं. बाटलीवर.

बर्गंडीचं मी फार गोड चित्र रंगवतोय असं वाटत असेल तर थांबा. तिथे जमीन इतकी महाग झाली आहे की शेतकऱ्याच्या मुलांना वारसाकर भरणं जड जातं आणि मग अब्जाधीश येतात. लुई व्हितोंच्या मालक कंपनीनं २०१४ मध्ये क्लो दे लांब्रे घेतलं, गुचीच्या मालकांनी २०१७ मध्ये क्लो द तार. नावाला एवढी किंमत आली की नकलाही आल्या. रूडी कुर्नियावान नावाच्या माणसानं अमेरिकेत आपल्या घरात बाटल्या भरल्या, लेबलं छापली आणि कोट्यवधी डॉलरना विकल्या. पकडला कसा गेला? त्यानं लिलावाला दिलेल्या बाटल्यांवर पोंसो घराण्याच्या क्लो सँ-देनीची जुनी सालं होती आणि त्या घराण्यानं ती वाईन १९८० च्या दशकाआधी केलेलीच नव्हती. घरातला माणूस, लोराँ पोंसो, स्वतः लिलावात जाऊन उभा राहिला. नंतर कुर्नियावानला दहा वर्षांची शिक्षा झाली. लेबलवर कुणाचं तरी नाव होतं, म्हणून 'ही माझी नाही' म्हणायला कुणीतरी होतं.

आणि मातीमुळे चव बदलते हे सगळं खरं की थोतांड? रोमाने-कोंती मी चाखलेली नाही, चाखण्याची शक्यताही नाही. दिंडोरीच्या मुरमाडावरची शिराज आणि निफाडच्या काळीतली शिराज वेगळी लागते का, हे वेगवेगळी बाटलीत भरून, सलग दहा-पंधरा वर्षं चाखल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. फरक नसेल तर तेही कळेल. आज सगळं एका टाकीत ओतून 'आपल्याकडे तसं काही नसतं' म्हणणं म्हणजे परीक्षा न घेता नापास करणं.

घाई का करायची तेही सांगतो. आजवर आयात वाईनवर १५० टक्के सीमाशुल्क होतं, त्या भिंतीआड आपली वाईन वाढली. जानेवारी २०२६ मध्ये भारत आणि युरोपीय संघ यांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि त्यात वाईनवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं खाली यायचं आहे. फ्रान्सची साधी, चांगली, गावाचं नाव असलेली बाटली पुण्याच्या दुकानात आपल्या महागड्या बाटलीशेजारी बसेल. तेव्हा 'भारताचं बोर्दो' म्हणून काय विकणार? अस्सल बोर्दो तिथेच असेल, कदाचित स्वस्तात. फ्रेंच माणसाला एकच गोष्ट आणता येणार नाही, ती म्हणजे मोहाडीचं, जानोरीचं, पिंपळगावचं शेत.

वायनरीत काम करणाऱ्या एका ओळखीच्यानं हे सगळं ऐकून शेवटची अडचण काढली: शेतकरी दरवर्षी बदलतात, मग दरवर्षी लेबल बदलावं लागेल. बदला की. साल बदलतं म्हणून तसंही दरवर्षी नवं छापताच, आणि छापखाने पिंपळगावातही आहेत.