'ळ' आला की काय करता?



दिवाळीला किंवा मे महिन्यात सगळे गावी जमले की अंताक्षरी होतेच, आणि कुणीतरी मुद्दाम शेवटी 'ळ' आणून समोरच्यांना अडकवतंच. मग वादावादी. शेवटी तह ठरलेला: 'ळ'ला 'ल' घ्यायचा, 'ण'ला 'न'. कारण मराठीत 'ळ'ने किंवा 'ण'ने शब्दच सुरू होत नाही, तर गाणं कुठून आणायचं? गंमत म्हणजे आपल्या भागातली दोन मोठी गावं नेमकी हीच अक्षरं धरून बसलीत. बेळगावच्या पोटात 'ळ' आणि निपाणीच्या शेपटाला 'ण'.

हाच डाव जपानी मुलंही खेळतात. त्याला 'शिरितोरी' म्हणतात, म्हणजे शेपूट पकडणं. फक्त गाण्यांऐवजी शब्द असतात. ज्याचा शब्द 'न्'वर संपला तो बाद, कारण 'न्'ने त्यांच्याकडे शब्द सुरू होत नाही. पण मुरलेले खेळाडू वेगळाच काटा काढतात. ते दर वेळी 'रु'वर संपणारा शब्द टाकतात. दोन-चार फेऱ्यांत समोरच्याचा साठा संपतो आणि तो डोकं खाजवत बसतो. या युक्तीला त्यांच्याकडे चक्क नाव आहे, 'रु-झेमे', म्हणजे 'रु'चा हल्ला.

आता 'रु'त एवढं अवघड काय? आपल्याकडे रुमाल, रुपया, रुसवा, हवे तेवढे. पण जपानी भाषेचा एक जुना नियम आहे. त्यांचे अस्सल घरचे शब्द 'र'ने सुरू होतच नाहीत. (र आणि ल त्यांच्याकडे वेगळे नाहीत, दोन्हींच्या मधला एकच आवाज आहे.) शब्दाच्या मध्ये, शेवटी हा आवाज खुशाल येतो, पण दारात उभा राहत नाही. अगदी आपल्या 'ळ'सारखा. म्हणून जपानी शब्दकोशात रा, रि, रु, रे, रो यांची पानं उघडली की जवळजवळ सगळे पाहुणेच भेटतात. आधी चीनमधून आलेले, नंतर युरोप-अमेरिकेतून आलेले. रशियाशी पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा जुन्या जपान्यांना ते नाव तसंच घेणं जड गेलं, म्हणून ते 'ओरोशिया' म्हणायचे. आपल्या आजीचं 'इस्टेशन' आठवा.

मी पुण्यात जपानी क्लायंटचं काम करतो, त्यामुळे ऑफिसपुरतं जपानी शिकलोय, आणि भाषेपेक्षा गाण्यांत जास्त रमलोय. कराओके हा शब्द आणि प्रकार दोन्ही त्यांचेच. पूर्वी कराओकेच्या खोलीत टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड गाण्यांची पुस्तकं असायची, नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेली. आता टॅबलेटवर अक्षर दाबलं की यादी येते.

तो क्रम आपल्याला शिकावा लागत नाही, कारण तो मूळचा आपल्याकडचाच. स्वर आ, ई, ऊ, ए, ओ. मग ओळी का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी संस्कृत वर्णमाला शिकले आणि तिच्यावरून त्यांनी आपली अक्षरं लावली. त्यांचा 'हा' फार पूर्वी 'पा' होता, हे कळल्यावर तर क-च-त-प सरळच दिसतात ('सा' चवर्गाच्या जागी बसलाय). ट-ठ-ड-ढ त्यांच्याकडे नाहीत, ती ओळ गाळली. आणि आपलं य-र-ल-व? त्यांचं या-रा-वा. 'ल' गळाला, बाकी रांग जशीच्या तशी.

तर यादीत 'रा'ची ओळ काढा. १९८१ सालचं अकिरा तेराओ यांचं 'रुबी नो युबिवा' त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार घेऊन गेलं. नावातला रुबी इंग्रजी. १९९१ची टीव्ही मालिका 'टोकियो लव्ह स्टोरी' गाजली ती काझुमासा ओदा यांच्या ज्या गाण्यामुळे, त्याच्या नावाची सुरुवात 'राबु'ने, म्हणजे लव्हने. स्पिट्झचं 'रोबिनसोन' १९९५चं. ॲनिमेवाल्या पोरांसाठी 'फुलमेटल अल्केमिस्ट'मधलं 'रिराइतो', म्हणजे रिराइट, २००४चं. आणि केन्शी योनेझू यांचं २०१८चं 'रेमोन', जे यूट्यूबवर जगभर ऐकलं गेलं. हेही इंग्रजी 'लेमन'च. १९९५ मध्ये माकी ओगुरो यांचं 'रा रा रा'ही गाजलं. त्यात पाहुणा नाही, पण मग तो शब्दही नाही, नुसतं गुणगुणणं आहे!

या ओळीतलं मला सर्वांत जवळचं गाणं मात्र जुनं आहे. 'रिंगो नो उता', सफरचंदाचं गाणं. हा 'रिंगो'ही चिनीतून आलेला. युद्धाच्या काळात जपानमध्ये परकी, त्यातही इंग्रजी शब्द हुसकून लावायची मोहीम जोरात होती. कोलंबिया रेकॉर्ड कंपनी 'निच्चिकु' झाली, व्हिक्टर 'निप्पोन ओन्क्यो' झाली. १९४१ पासून शाळेतल्या संगीतातून दो-रे-मी काढून 'हा-नि-हो-हे-तो-इ-रो' आणलं. म्हणजे 'रे' आणि 'रा' हे दोन सूरच नावानिशी हद्दपार. मग १९४५चा ऑगस्ट, शरणागती. शहरं जळालेली, खायला नाही. त्याच ऑक्टोबरात 'सोयोकाझे' नावाचा चित्रपट आला, त्यात हे साधं, हसरं गाणं होतं. जानेवारी १९४६ मध्ये रेकॉर्ड निघाली आणि ते युद्धानंतरचं पहिलं घरोघरी पोचलेलं गाणं ठरलं. गाणारी मिचिको नामिकी. टोकियोवरच्या बॉम्बहल्ल्यात तिची आई गेली होती. ती लाल सफरचंदाबद्दल गात होती आणि देश ऐकत होता. त्या वेळी 'रिंगो' शब्द कुठून आला, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

नंतर शाळांत दो-रे-मीही परत आलं. तिकडच्या मुलांना पेगी हायामा यांनी जपानीत लिहिलेलं दो-रे-मीचं गाणं पाठ असतं. त्यात 'रे'साठी लिंबू आणि 'रा'साठी बिगुल, म्हणजे 'रेमोन' आणि 'राप्पा'. एक इंग्रजी पाहुणा, एक चिनी.

सगळेच तिथे खूश आहेत असं नाही. २०१३ साली एका ज्येष्ठ गृहस्थांनी एनएचकेवर खटलाच भरला, की बातम्यांत इतके परके शब्द असतात की मला काही कळत नाही, मनस्ताप होतो, भरपाई द्या. खटला फेटाळला गेला. मला त्या आजोबांबद्दल सहानुभूती आहे. पण एक बघा, त्यांच्याकडे आलेला पाहुणा घरचे कपडे घालूनच वावरतो. लेमन 'रेमोन' होतो, लव्ह 'राबु' होतं. शब्द बाहेरचा, तोंड घरचं.

आता आपल्याकडे या. सीमाभागात आपण दोन पिढ्या चिंता करतोय की कन्नडमुळे आपली मराठी बिघडते. अहो, तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे सगळे कन्नडकडून आलेले म्हणून अभ्यासक दाखवतात. पुण्यातल्या पेठेतही त्यांच्याशिवाय पान हलत नाही. उलटही तेच. मूळ द्राविडी शब्दही जपानीसारखेच 'र'ने सुरू होत नसत. (तमिळमध्ये अजून रामाला 'इरामन' लिहितात. ओनो सुसुमु नावाच्या अभ्यासकांनी जपानी आणि तमिळ यांचं नातं जोडायचा फार प्रयत्न केला, पण बहुतेक भाषातज्ज्ञांना ते पटलं नाही.) तरी बेळगावच्या बाजारात कन्नड माणूस भाकरीला 'रोट्टी' म्हणतो, पैशाला 'रोक्का'. दोन्ही आपल्या बाजूच्या भाषांतून गेलेले.

माझी काळजी वेगळी आहे. माझी सहा वर्षांची पुतणी पुण्यात वाढते. तिला रिंगो ठाऊक आहे, लेमन ठाऊक आहे, पण ती 'शाला' म्हणते, 'कमल' म्हणते, आणि आपल्या गावाला 'बेलगाव'. पुण्या-मुंबईत, हैदराबादेत, दुबईत आपल्या कितीतरी घरांत हेच ऐकतो. इंग्रजीत हा आवाज नाही, रोजच्या हिंदीत नाही, मग तोंडाला वळण लागणार कसं? बेळगावात राहिलेल्या तिच्या आतेभावाचा 'ळ' मात्र खणखणीत. कारण शेजारची कन्नड पोरं दिवसभर हळ्ळी, बेळ्ळी, मळे म्हणत असतात. ज्या भाषेपासून आपण 'ळ' सांभाळायला निघालो, तिनेच तो त्याच्या तोंडात टिकवलाय. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव 'बेळगावी' झालं, तेव्हापासून 'गाव' की 'गावी' यावर भांडण आहेच. 'ळ'बद्दल दोन्ही बाजूंची तक्रार नाही.

यंदाच्या दिवाळीत आमच्या घरी अंताक्षरीचा नियम बदलतोय. शेवटी 'ळ' आला तर गाणं 'ल'वरून म्हणायचंच, पण त्याआधी 'ळ' असलेला एक शब्द नीट उच्चारून दाखवायचा. कळवळा, तळमळ, खळाळ, काहीही. 'ण' आला तर 'ण'चा. 'ल' किंवा 'न' ऐकू आला तर गाणं बाद. मोठ्यांनाही हाच नियम. पुतणीला सरावासाठी पहिला शब्द आजीने दिलाय: 'कोथळीगिरी'. तिचं अजून 'कोथलीगिरी'च चाललंय, पण परवा व्हिडिओ कॉलवर चुकून एकदा बरोबर आलं.