भंगारात न गेलेले इंजिन

आठवीच्या वर्गात वाफेच्या इंजिनाचा धडा चालला होता. मागच्या बाकावरचा मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आमच्या दादाअब्बांचा लूम किलोच्या भावाने भंगारात गेला." वर्ग हसला, मला मात्र हसू आले नाही. धडा बाजूला ठेवून मी त्यांना सिडनीच्या एका इंजिनाची गोष्ट सांगितली.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या अल्टिमो भागात 'पॉवरहाऊस म्युझियम' आहे. नावाप्रमाणे ते खरोखर वीजघर होते. 1899 मध्ये शहरातल्या ट्रामसाठी इथे वीज तयार होऊ लागली आणि 1963 मध्ये काम थांबले. इमारत पाडली गेली नाही. 1988 मध्ये तिथे यंत्रे आणि उपयोजित कलांचे संग्रहालय उघडले.

तिथली माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे बोल्टन आणि वॅट यांचे 1785 चे इंजिन. चाक गोल फिरवणाऱ्या वाफेच्या इंजिनांपैकी आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्यांत ते मोडते. ते लंडनच्या एका बिअरच्या कारखान्यात होते. आपल्याला त्या मालाशी कर्तव्य नाही, पण गोष्ट इंजिनाची आहे. धान्य दळायला तिथे घोडे जुंपत, त्यांची जागा याने घेतली. दांडा वरखाली होतो, मग चाक गोल कसे फिरते? साध्या क्रँकचा हक्क दुसऱ्याने आधीच नोंदवून ठेवला होता. मग वॅटने दांड्याच्या टोकाला एक दातेरी चाक बसवले. सूर्याभोवती ग्रह फिरावा तसे ते दुसऱ्या चाकाभोवती फिरते आणि त्याला फिरवते. फळ्यावर हे काढताना माझे दोन खडू मोडले.

102 वर्षे काम करून 1887 मध्ये ते बंद झाले. सिडनीचे प्राध्यापक लिव्हरसिज तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी ते मागितले, मालकाने देऊन टाकले, आणि जहाजातून ते सिडनीला आले. पुढे ते दुरुस्त करून वाफेवर चालवूनही दाखवले गेले.

अलीकडच्या काळात सरकारने संग्रहालय पॅरामाटाला हलवायचे ठरवले होते. एवढी मोठी यंत्रे सोडवून न्यायची, आणि वीजघराच्या भिंतींशी त्यांचे नाते तोडायचे? लोकांनी वर्षानुवर्षे विरोध केला. जुलै 2020 मध्ये सरकारने माघार घेतली आणि अल्टिमो राहील असे जाहीर केले. पॅरामाटाला वेगळी इमारत बांधायचे ठरले. 2024 च्या फेब्रुवारीत जुनी इमारत नूतनीकरणासाठी बंद झाली.

तास संपल्यावर तो मुलगा टेबलापाशी आला. लूम गेला, पण दादाअब्बांनी धोटा ठेवून घेतलाय, म्हणाला. उद्या घेऊन ये, मी म्हटले. दादाअब्बांना येता येईल का, तेही विचारून ये.