मोटार वर काढली, विहिरीचे काय?



मृग तोंडावर आला आहे. नदीकाठच्या गावांत आता ठरलेली कामे सुरू होतील. मोटारीला दोर लागेल, स्टार्टरची पेटी खांबावरून उतरेल, पाइपा घरामागे रचल्या जातील. २०१९ च्या महापुराने एवढा धडा आपल्याला पक्का दिला. मोटार ही विकत आणलेली चीज, तिची पावती घरात आहे, म्हणून तिची काळजी. विहीर आज्या-पणज्याने खणलेली, तिची पावती कुठली? ती आपली उघड्या तोंडाने पुराची वाट पाहत बसते. या विहिरीविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

कृष्णा-पंचगंगेच्या काठाला पूर नवा नाही. २००५ साली आला, २०१९ च्या ऑगस्टात आला, २०२१ च्या जुलैत परत आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेले. राजाराम बंधाऱ्याला धोका ४३ फुटांवर. २०१९ ला आणि २०२१ लाही तेथे ५५ फूट ओलांडले. दर वेळी पाणी उतरल्यावर पंचनामे झाले. ऊस किती कुजला, घर किती पडले, जनावर किती गेले, सगळे कागदावर आले. विहीर ढासळली किंवा गाळाने भरली, तर तिचीही नोंद होते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला, तेव्हा शासनाने अशा विहिरीमागे ३० हजार रुपये जाहीर केले. पण ढासळली नाही, नुसती नासली, त्या विहिरीचे काय? वरून बघितले तर ती धडधाकट दिसते, म्हणून कुणी तिच्याकडे पाहत नाही.

यावर पारावर एक उत्तर ठरलेले असते. "आवं, हिरीचं पाणी आता पितंय कोण? नळ आलाय की दारात!" बरोबर आहे. आपल्या दारात नळ आला. पण दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. त्यांच्या कोप्या पडतात माळावर, ओढ्याकडेला, कारखान्याच्या तळावर. पहाटे तीनला उठून फडात जाणारी बाई पाणी आणावयास गावच्या नळावर येणार नाही. ती ज्या विहिरीजवळ कोपी पडली, तिच्यातच घागर बुडवते. ऑगस्टात आपण ज्या विहिरीकडे पाठ फिरवली, तिचे पाणी नोव्हेंबरात ऊसतोड्याचे पोर पिते. आपल्या मळ्यातल्या वस्तीवरचा गडीही तेच पितो. गाळप किती झाले, उतारा किती पडला, याचे आकडे आपण छापतो. ज्यांच्या कोयत्यावर हे सारे उभे आहे, त्यांनी पुराचा गाळ का प्यावा, याचेही उत्तर सभासदांनी दिले पाहिजे.

आता उपाय काय? सगळ्या विहिरी एका मापाने मोजता येत नाहीत. मळीच्या रानातल्या विहिरीवर पुरात दहा-पंधरा फूट पाणी चढते. तिथे कठडा बांधून पूर थोपवू म्हणणे म्हणजे सुपाने ऊन अडवणे. तिला पूर गेल्यावर स्वच्छ करणे, एवढेच आपल्या हातात. मात्र माळाच्या आणि मधल्या पट्टीतल्या विहिरींची गोष्ट वेगळी. त्यांच्यात नदी येत नाही. त्यांच्यात येते ते बांधावरून वाहणारे पाणी, ओघळीचे पाणी, वरच्या वस्तीच्या उकिरड्याचे पाणी. एक वळीव दणकून पडला, की शेणखत, तणनाशक, मेलेली घूस, सगळे धुऊन विहिरीत. हे अडवता येते, आणि फार खर्चाविना येते.

आरोग्य खात्याची मापे जुनीच आहेत, फक्त ती कुणी वाचत नाही. विहिरीचे बांधकाम वरून निदान २० फूट पक्के असावे, म्हणजे वरचे पाणी दगडांच्या सांध्यातून आत झिरपत नाही. कठडा जमिनीपासून सव्वादोन-अडीच फूट वर असावा. भोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार दिलेला सिमेंटचा ओटा असावा. उकिरडा आणि संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब. यात आम्ही एकच भर घालू: चढाच्या बाजूने अर्धचंद्रासारखा चर मारावा, निघालेली माती विहिरीकडच्या अंगाला बांधासारखी दाबावी आणि पाणी ओढ्याला काढून द्यावे. हे काम दोन गडी दोन दिवसांत करतील. विहिरी आता तळाला गेल्या आहेत. सांधे भरून घ्यावयास याच्यासारखी वेळ नाही.

बोअरचेही तेच. पाणी लागले नाही म्हणून सोडून दिलेले, केसिंग उघडे पडलेले बोअर आपल्या शिवारात थोडे नाहीत. त्यात लेकरू पडू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नियम घालून दिले, की केसिंगभोवती सिमेंटचा ओटा करावा, तो जमिनीच्या वर एक फूट आणि खाली एक फूट असावा, आणि तोंडाला झाकण पक्के बसवावे. पुराच्या पाण्यालाही हाच उपाय लागू पडतो. उघडे बोअर म्हणजे घाण पाण्याला खाली उतरावयास दिलेला नळच. तुमच्या बोअरमधून खाली गेलेले शेजाऱ्याच्या विहिरीत निघते. विहीर सातबाऱ्यावर तुमच्या नावाची असेल, झरे काही सातबारा वाचून वाहत नाहीत.

पूर उतरल्यानंतरची एक सवय मात्र फार वाईट. पाणी ओसरले रे ओसरले, की मोठे इंजिन लावून एका दमात विहीर तळापर्यंत उपसायची. भोवतालची जमीन त्या वेळी पाण्याने फुगलेली असते. आतल्या पाण्याचा दाब एकदम निघाला, की बाहेरचा दाब दरडीला आत ढकलतो, आणि पुरात टिकलेली विहीर उपशात ढासळते. कच्ची विहीर तर हमखास. भोवतालचे पाणी खाली जाऊ द्यावे, मग टप्प्याटप्प्याने उपसावे. विहिरीच्या आत टप्प्यावर डिझेल इंजिन ठेवून चालवू नये. त्याचा धूर खाली कोंडतो, आणि गाळ काढायला उतरलेला माणूस वर येत नाही. भिजलेला स्टार्टरही वायरमनने बघितल्याशिवाय दाबू नये.

पाणी निवळले की टीसीएल. गढूळ पाण्यात टाकलेली पावडर वाया जाते. इथेही मूठभर फेकून मोकळे होण्याची रीत आहे. हिशेब असा: १००० लिटरला अडीच ग्रॅम. २० फूट व्यासाच्या विहिरीत २० फूट पाणी असेल, तर ते सुमारे १ लाख ७८ हजार लिटर भरते, म्हणजे पावडर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. ही नेहमीची मात्रा झाली. पुरानंतर पहिल्या खेपेस जास्त लागते, ती आरोग्य सेवकाकडून ठरवून घ्यावी. पावडर बादलीत कालवावी, दहा मिनिटे बसू द्यावी, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडून ढवळावी. खालचा चुना बाहेर टाकावा. तासभर ते पाणी कुणी पिऊ नये. मागच्या वर्षीची उघडी राहिलेली पावडर घेऊ नका, तिच्यातला जोर गेलेला असतो. नंतर एक बाटली पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही सापडता कामा नये, असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे.

आता संचालक मंडळाला उद्देशून. बेण्याला, खताला, ठिबकला कारखान्याने उचल द्यावी आणि ती उसाच्या बिलातून कापून घ्यावी, ही सहकारातली जुनी रीत आहे. विहिरीचा कठडा, ओटा आणि वरच्या वीस फुटांच्या दुरुस्तीलाही तशीच बिनव्याजी उचल मिळावी, अशी आमची मागणी आहे. काही सभासद म्हणतील, विहीर खाजगी, तिच्यावर कारखान्याने पैसा का गुंतवावा? पण उचल म्हणजे काही देणगी नव्हे, पैसा बिलातून परत येतोच. शिवाय टोळी आजारी पडली, की फड रखडतो आणि तोडणी लांबते. तेव्हा तोटा काही खाजगी राहत नाही. ज्या विहिरीजवळ टोळ्या उतरतात, त्यांना पहिला मान द्यावा. त्या विहिरींची यादी शेतकी विभागाच्या चिटबॉयकडे तोंडपाठ आहे, नवा सर्व्हे करावयाची गरज नाही.

दुसरी मागणी याहून लहान. टोळ्या यावयाच्या आधी, ऑक्टोबरात, गटवार एक दिवस ठरवून त्या गटातल्या सगळ्या विहिरींत एकाच वेळी टीसीएल टाकावे. पावडर कारखान्याने द्यावी, माप शेतकी खात्याच्या माणसाने घ्यावे, बाटल्या गोळा करून तपासणीस पाठवाव्यात. निकाल त्या त्या विहिरीच्या कठड्यावर रंगाने लिहावा, म्हणजे घागर घेऊन आलेल्या बाईला कुणाला विचारत बसावे लागणार नाही.

सभासदांनी आपापल्या विहिरीचा गट नंबर, व्यास, खोली आणि २०१९ ला पाणी कुठवर आले होते ती खूण, एवढे एका कागदावर लिहून पावसाच्या आधी गट ऑफिसात द्यावे. कागद जमले, तर सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत हा विषय आकड्यांनिशी मांडता येईल.